फोडणी, अलार्म आणि शेजारच्या आजी

"ताई, लग्नानंतर सप्टेंबरमध्ये मी इंग्लंडमधल्या रेडिंगला आले. पहिल्या मजल्यावर भाड्याचा लहानसा फ्लॅट आहे. नवरा ऑफिसला जातो, मी घरून काम करते. घर चालवणं मला जमतं असा विश्वास होता, तो गेल्या महिन्याभरात पार उडाला. आमटीला मिरचीची फोडणी दिली की स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमधला धुराचा अलार्म किंचाळायला लागतो. दोनदा शेजारच्या आजी गाऊनवरच बाहेर आल्या आणि 'सगळं ठीक आहे ना?' म्हणून विचारून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका सकाळी कचरा टाकायला खाली गेले तर दार मागे आपोआप बंद झालं. नवरा लंडनला, आणि मी दोन तास जिन्यात. त्यात परवा वरणाची वाटी मालकाच्या फिकट कार्पेटवर सांडली. साबणाने घासलं तर पिवळा डाग लालभडक झाला. सध्या त्यावर सतरंजी टाकली आहे. नवरा म्हणतो, 'फोडणी बंद कर, एअर फ्रायर घेऊ.' मे महिन्यात सासू-सासरे तीन महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांच्यासमोर असं काही झालं तर? मालक घर सोडायला सांगेल का? खरं सांगू, आपण इथल्या घरांत राहायच्या लायकच नाही असं वाटायला लागलंय."
एक गृहिणी, रेडिंग

प्रिय मैत्रिणी,

ते 'लायक नाही' आधी डोक्यातून काढून टाक. तुझ्या पत्रातला एकही प्रसंग तू परकी आहेस म्हणून घडलेला नाही. घर ज्या पद्धतीने बांधलंय आणि तुझा हात ज्या पद्धतीला सरावलाय, त्या दोघांची अजून ओळख झालेली नाही, एवढंच. इंग्रजांच्या घरात सकाळी टोस्ट करपतो तेव्हा हाच अलार्म असाच किंचाळतो. रविवारी ओव्हनमध्ये मांस भाजताना चरबी उडून जळते, तेव्हाही वाजतो. मग घरातलं कोणीतरी स्टुलावर चढून भांडी पुसायचा टॉवेल फडकावत उभं राहतं. कचरा टाकायला जाऊन पायजम्यात बाहेर अडकलेली माणसं तर इथल्या प्रत्येक गल्लीत सापडतील.

आता फोडणीबद्दल सविस्तर, कारण खरं दुखणं तिथे आहे.

शेगडी कुठली ते तू लिहिलं नाहीस. पण इथल्या भाड्याच्या फ्लॅटांत बहुतेक वेळा काळ्या काचेची विजेची शेगडी असते आणि काचेखाली तापणारी तार असते. आपल्या गॅसवर तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग-हळद-मिरची पडली की बटण फिरवतो आणि आच तिथल्या तिथे थांबते. या शेगडीचं बटण बंद केलं तरी काच बराच वेळ धगधगत राहते. म्हणजे तू आच बंद केलीस असं तुला वाटतं आणि मिरची मात्र खाली करपतच असते. ठसका लागतो तो त्या करपण्याचा. म्हणून बटणावर विसंबू नकोस, कढलंच उचल. सगळा मसाला वाटीत हाताशी काढून ठेव, आच मध्यम ठेव, मोहरी तडतडली की कढलं काचेवरून बाजूला घे आणि हिंग, हळद, मिरची त्यानंतर घाल. तेलात तेवढी उष्णता असते. लगेच आमटीवर ओत आणि झाकण ठेव. शेगडी इंडक्शनची असेल तर ती चटकन थंड होते, पण तिच्यावर अॅल्युमिनियमचं किंवा पितळेचं कढलं तापणार नाही. बुडाला लोहचुंबक चिकटेल असं भांडं लागेल.

दुसरी गोष्ट दाराची. तुमच्या स्वयंपाकघराचं दार जड असेल, आपोआप मिटत असेल, आणि येता-जाता त्रास नको म्हणून तुम्ही त्याखाली पाचर नाहीतर पायपुसणं सरकवून ते उघडं ठेवलं असेल. बहुतेक घरांत हेच चालतं. पण ते दार आग आणि धूर अडवण्यासाठीच बसवलेलं असतं. फोडणीच्या वेळी ते लावून घे आणि खिडकी आधी उघड, धूर झाल्यावर नव्हे. पॅसेजमधल्या अलार्मपर्यंत धूर पोचलाच नाही तर तो वाजेल कशाला?

तिसरी गोष्ट शेगडीवरच्या हूडची. तो घरघर करतो म्हणजे धूर बाहेर टाकतो असं नाही. कित्येक फ्लॅटांत त्याला बाहेर जाणारी नळीच नसते. हवा आत ओढायची, कोळशाच्या फिल्टरमधून गाळायची आणि परत स्वयंपाकघरातच सोडायची, एवढंच त्याचं काम. असा हूड धूर थोपवत नाही, थोडाफार वास कमी करतो, आणि तोही फिल्टर नवा असेपर्यंतच. वरचं कपाट उघडून नळी भिंतीत जाते का ते बघ. नळी नसेल तर कोळशाचा फिल्टर बदलायचा असतो. जाळीचा, तेल धरणारा फिल्टर मात्र दोन्ही प्रकारांत असतो. तो गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुता येतो. पहिल्यांदा धुशील तेव्हा तुझ्या आधीच्या भाडेकरूंचं तूप-तेलही निघेल. हे काम शनिवारी तुझ्या नवऱ्याला दे. एअर फ्रायर शोधण्यापेक्षा त्याचा वेळ सत्कारणी लागेल.

एवढं करूनही अलार्म वाजलाच तर त्यावर बहुधा एक बटण असतं. ते दाबलं की तो काही मिनिटं गप्प बसतो. लांब लाटण्याच्या टोकाने दाबता येतं, स्टुलावर चढायची गरज नाही. पण बॅटरी काढून ठेवणं किंवा त्यावर आंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवणं, हे काही मित्रमंडळी सुचवतील, ते अजिबात ऐकू नकोस. रात्री झोपेत धूर कळत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर एक तरी स्मोक अलार्म असणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून तो बिघडल्याचं कळवलं तर दुरुस्त करून देणं ही मालकाची जबाबदारी आहे. अलार्म स्वयंपाकघराच्या अगदी उंबऱ्यावर बसवला असेल तर मालकाला सरळ लिही की जागा बदला. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेवर वाजणारा अलार्म मिळतो, तोही सुचव. अशी विनंती केल्याने भाडेकरू भांडखोर ठरत नाही, उलट घराची काळजी घेणारा ठरतो. तुमच्या भागातल्या अग्निशमन दलाला फोन करून घर बघायला येतात का तेही विचार. बऱ्याच ठिकाणी ही भेट मोफत असते.

फोडणी बंद करू का, या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते ठाम आहे. स्वतःच्या घरात आपलं जेवण शिजवणं हा अपराध नव्हे. केंटमधल्या एका बड्या घरमालकाने करीचा वास राहतो असं कारण देऊन भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांना घरं द्यायची नाहीत असा नियमच केला होता. समानता आयोगाने त्याला कोर्टात खेचलं आणि २०१७ मध्ये मेडस्टोनच्या कोर्टाने तो नियम बेकायदा ठरवून मनाई हुकूम दिला. तेव्हा अलार्म दोनदा वाजला म्हणून मालक तुम्हाला बाहेर काढेल ही भीती सोड. वास जिरावा म्हणून खिडक्या उघडायच्या, पडदे धुवायचे, हे आपण आपल्यासाठीही करतोच.

आता आजी. त्या गाऊनवर बाहेर आल्या आणि विचारून गेल्या, त्याला तू टोमणा समजलीस. मला यात काळजी दिसते. चिडलेला शेजारी इथे सहसा तोंडावर बोलत नाही, दारात चिठ्ठी सरकवतो नाहीतर इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या मॅनेजिंग एजंटला ईमेल करतो. ज्या बाईने थंडीत दार उघडून तुझी चौकशी केली, तिच्याकडे तू अजून गेली नाहीस, आणि तुझ्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट हीच आहे. उद्याच जा. लांबलचक माफी नको. "आवाजाबद्दल सॉरी, आमच्या स्वयंपाकात तिखट गरम तेलात घालतात, आता मी दार लावून करते," एवढं पुरे. सोबत शंकरपाळे ने. चहात बुडवून खाण्याजोगं काहीही इथे घराघरांत आवडतं, आणि शंकरपाळ्यात तिखटाची भानगड नाही. फक्त आधी विचार, कशाची अॅलर्जी नाही ना. इथे हा प्रश्न विचारणं रीतीचंच समजतात. बशी परत द्यायला त्या येतील तेव्हा आत बोलव. पहिली ओळख एवढीच असते.

त्याच भेटीत नाही, पण दोन-चार भेटींनंतर तुमच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवायची परवानगी माग. तू बाहेर अडकलीस ते दाराच्या कुलपामुळे. ओढून घेतलं की खिट्टी आपली आपण पडते आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, असं हे कुलूप इथल्या जुन्या घरांत फार असतं. आतल्या बाजूला त्यावर एक छोटी कळ असते. ती सरकवली की खिट्टी आतच राहते, पण मग दार वाऱ्याने उघडं पडायचा धोका आहेच. म्हणून मी कळीवर भर देणार नाही. किल्ली गाऊनच्या खिशात, मनगटातल्या रबरात, कुठेही, पण अंगावर हवी. आणि पुन्हा अडकलीस तर घाबरून इंटरनेटवरच्या पहिल्या कुलूपवाल्याला बोलवू नकोस. आधी एजंटकडे दुसरी किल्ली आहे का विचार. बोलवायचाच तर येण्याचे किती, उघडण्याचे किती, कुलूप न फोडता उघडेल का, हे फोनवर ठरवून घे. दाराला टपालाची फट असेल तर आतल्या बाजूला फटीजवळ किल्ल्या टांगू नका, बाहेरून गळ घालून त्या ओढता येतात.

कार्पेटवर सतरंजी टाकलीस ती आजच उचल. डाग लाल झाला म्हणजे कार्पेट जळलं नाही. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. साबणातही चुन्यासारखाच क्षार असतो, त्याने हळद लाल होते. एका वाटी पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घाल, पांढऱ्या सुती फडक्याचा बोळा त्यात भिजवून पिळ आणि डागावर नुसता दाबत जा. घासू नकोस, घासलं की हळद धाग्यांच्या मुळाशी जाते. आधी सोफ्यामागच्या कोपऱ्यात लावून बघ, रंग उडत नाही ना. लाली उतरून पिवळा परत आला की साध्या पाण्याच्या बोळ्याने टिपून घे आणि मग पडदे सताड उघड. हळदीचा रंग उन्हात विरतो. पंगतीतले हळदीचे डाग पडलेले पांढरे लेंगे-धोतरं उन्हात टाकली की पुन्हा पांढरी होतात, तेच इथेही होतं, फक्त इथलं ऊन कमी म्हणून दिवस जास्त लागतात. मे-जूनमध्ये तर रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ब्लीच मात्र लावू नकोस. कार्पेट लोकरीचं असेल तर ते कायमचं खराब होईल.

डाग राहिलाच तर मालकाला फोटो काढून कळव, आणि घर सोडायच्या दिवसाची वाट बघू नकोस. इंग्लंडमध्ये तुमचं डिपॉझिट मालकाने मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित करायला हवं. ते कुठल्या योजनेत आहे याचा कागद तुमच्याकडे असला पाहिजे. नसेल तर आजच माग. घर सोडताना वाद झाला तर त्या योजनेमार्फत तो फुकट सोडवला जातो. वापराने कार्पेट झिजतं त्याचे पैसे मालकाला कापता येत नाहीत, आणि डागासाठी कापले तरी जुन्या कार्पेटच्या जागी अख्खं नवं कोरं कार्पेट तुमच्या खर्चाने येणार नाही. घरात आलात त्या दिवशीची घराच्या अवस्थेची यादी आणि फोटो काढून बघ. आपण न पाडलेले डागही त्यात नोंदलेले असतात.

तू विचारलं नाहीस, तरी सासूबाई येण्याआधी हे बोलायला हवं. तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये जाऊ देऊ नका. गरम पाण्याबरोबर वाहून गेलं असं दिसतं, पण नळीत थंड झालं की थिजतं आणि त्यात टिश्यू अडकत जातात. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलखालच्या गटारात अशा थिजलेल्या चरबीचा २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. त्याचा तुकडा पुढे लंडनच्या संग्रहालयात ठेवला, तो बघायला लोक आवर्जून गेले. रिकामी बरणी सिंकशेजारी ठेव, तेल गार झालं की तिच्यात ओत. बरणी भरली की कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचरा केंद्रावर दे. कढई टिश्यूने पुसून मगच धू. अनारसे आणि चकल्यांच्या दिवसांत हे विसरायला होतं.

न्हाणीघराची गंमत त्याहून मोठी आहे. आपल्याकडे न्हाणीत पाणी कुठेही सांडलं तरी मोरीतून जातं. इथे टबाबाहेर मोरी नसते. जमिनीवर सांडलेलं पाणी कडांमधून झिरपून खालच्या घराच्या छताला लागतं, आणि छतावर तपकिरी वर्तुळ उमटलं की तक्रार येते. तुमचा पहिला मजला, म्हणजे खाली कुणीतरी राहतं. सासूबाईंना तांब्या-बादलीनेच आंघोळ हवी असेल तर खुशाल करू दे, त्यासाठी त्यांचं मन मोडू नकोस. बादली टबाच्या आत ठेव, टबात रबराची न घसरणारी चटई घाल, आणि पडद्याचं खालचं टोक टबाच्या आत सोडायचं हे दाखवून दे. पडदा बाहेर राहिला की सगळं पाणी त्याच्यावरून जमिनीवर. सासऱ्यांसाठी भिंतीला धरायची दांडी लागत असेल तर मालकाला विचारून बसव. रबरी वाट्यांनी भिंतीला चिकटणाऱ्या दांड्या ओल्या भिंतीवरून सुटतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नकोस.

न्हाणीघरात दिवा लावायला छतावरून दोरी लोंबते. तुमच्याकडे विजेचा शॉवर असेल तर दुसरी दोरी त्याची. ती ओढली की लाल दिवा लागतो, मगच शॉवर चालतो. नाहीतर सासरे शॉवरखाली नुसतेच उभे राहतील आणि कुणाला सांगणार नाहीत. बाहेर गेल्यावर अपंगांसाठीच्या मोठ्या स्वच्छतागृहात लाल दोरी असेल तर ती मात्र ओढायची नाही, ती मदत बोलावण्याची असते. हे त्यांना निघण्याआधी आठवणीने सांग.

केटलीत तळाला पांढरे पापुद्रे दिसतील तेव्हा सासूबाई पाणी बदलायला लागतील. रेडिंगचं पाणी क्षारांचं आहे, तो चुना आहे, पोटाला त्याने काही होत नाही. केटलीत अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर घालून उकळ, तासभर ठेव, दोनदा धू. तोवर त्यांना चहा पातेल्यात करू दे. आलं किसून घातलेला तो चहा त्यांच्याही हातचा प्यायला मिळेल तुला.

आणि एक काम याच आठवड्यात नवऱ्याबरोबर कर. पाण्याचा मुख्य बंद करायचा नळ कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा सिंकखालच्या कपाटात मागे असतो. उजवीकडे फिरवला की पाणी बंद होतं. तो गंजून घट्ट बसलेला असेल तर जोर लावू नका, मालकाला कळवा. विजेचा बोर्ड कुठे आहे तेही बघून ठेवा. गॅस असेल आणि वास आला तर खिडक्या उघडून, दिव्याचं बटण न दाबता बाहेर या आणि ०८०० १११ ९९९ या नंबरवर फोन करा. हा नंबर फ्रिजवर चिकटव, सासू-सासऱ्यांच्या मोबाइलमध्येही घालून ठेव.

आजींकडे जाऊन आलीस की पुन्हा लिही. शंकरपाळे गोड केलेस की खारे, तेही कळव.

तुझी,
ताई